अंजनीच्या अंगातली चांदी

एकोणीसशे अडतीसची गोष्ट. सकाळी बाळाला न्हाऊ घालून मी त्याला धुरी देत होते. चुलीवर दूध होतं, आणि हे आतल्या अंधाऱ्या खोलीत आदल्या दिवशीच्या फोटोंच्या काचा वाळत लावत होते. अनगोळात आमचा फोटोचा धंदा घरातच होता. गिऱ्हाईक यायचं ते चांगलं ऊन पडल्यावर. त्यामुळे एवढ्या लवकर कडी वाजली तेव्हा वाटलं, कुणाकडे काहीतरी वाईट झालं. मेलेल्या माणसाचा फोटो काढायला बोलवायचं, तर लोक अशाच वेळी येत.

दारात एक तरुण बाई, पदर नाकापर्यंत ओढलेला.

"फोटो काढायचाय?" मी विचारलं.

"फोटू नगं आक्का. औषध पायजे." तिनं पदर मागं सारला.

चेहरा ओल्या पाटीसारखा निळाकरडा. नखं तशीच, डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा तसाच. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिनं ते पाहिलं.

अंजनी तिचं नाव. माहेर निपाणीचं. लहानपणापासून तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. धूळ घशात बसून खोकला जाईना, तेव्हा बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्यानं तिला चांदीचं पाणी प्यायला दिलं. घशाला गार वाटायचं. थोडे दिवस घ्यायचं औषध तिनं लग्न होईपर्यंत घेतलं. मग वडगावात, परशराम विणकराच्या घरी आली. तिथं दिवसभर रस्त्यावर, उन्हात उभं राहून सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ताणून लावायचा. हळूहळू तोंड आणि हात निळे पडायला लागले. घरात रंगवलेलं सूत, म्हणून सगळे म्हणाले, रंग लागलाय. सासूनं, मालुबाईनं, तिला रिठ्यानं घासलं, मग चिंचेनं, शेवटी राखेनं. कातडं सोललं, रंग होता तिथंच राहिला.

"आत्याबाई म्हणत्यात, पोरानं बायको न्हाय, चंद्रकळा आणली घरात," सासूचं बोलणं सांगताना ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "तवर ठीक हुतं आक्का. पर पोरगं झालं नि त्यास्नी भ्या वाटाय लागलं. दुधातनं निळं पोरात उतरंल म्हणत्यात. माझ्याजवळनं काढून घेतलंय. शेळीचं दूध घालत्यात, ते त्येच्या पोटात ठरत न्हाय. लई वाळलंय. आन् मी रोज न्हाणीत दूध पिळून टाकते."

वडगावातल्या शेजारणीनं, अंबुबाईनं, तिला सांगितलं होतं, की फोटोवाल्यांची बोटं चांदीच्या पाण्यानं काळी होतात आणि तो डाग काढायचं औषधही त्यांच्याकडे असतं. तेवढ्यासाठी ती वडगावहून चालत आली होती.

ह्यांनी आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाले, "बाई, ते विष आहे. जीव जाईल."

"जाऊ द्या की. आदी रंग जातोय का जीव, तेवढं सांगा."

मी तिला आत घेतलं आणि फोटोची एक काच उजेडात धरली.

"यातलं काळं काय आहे, सांग."

"शाई?"

"चांदी आहे."

तिनं पायातल्या जोडव्यांकडे पाहिलं. "मग चकाकत का न्हाय?"

"जोडव्यात ती एकसंध आहे, म्हणून उजेड तिच्यावरनं जसाच्या तसा परत येतो. इथं तिचे कण झालेत, भिंगातूनसुद्धा दिसणार नाहीत इतके बारीक. असा कण उजेडातले काही रंग गिळतो, काही चहूकडे उधळतो. काचेवर दाट बसले की काळे दिसतात. तुझ्या कातडीखाली तेच कण आहेत, वरून निळे दिसतात. आणि या काचेसारखंच, जिथं ऊन लागलं तिथं ते जास्त उमटले."

तिनं हातातल्या बांगड्या वर सारल्या. खाली गव्हाळ कातडीचा पट्टा होता. वखारीत अंधार होता, वडगावात ऊन.

"म्हंजे आत हाय. घासून जायाचं न्हाय."

"नाही."

"कवाच?"

"नाही गं."

दूध उतू गेलं. करपल्याचा वास घरभर सुटला, पण माझ्यानं उठवेना.

"पोरात उतरंल?"

"तुझ्यासारखं निळं नाही होणार ते. मी येते, मालुबाईंना समजावून सांगते. कॉलेजात शिकलेय मी हे."

"डाक्टरनं दूध पाजा म्हणून सांगून ऐकलं न्हाय, आक्का. तुमच्या कालेजला कोण इचारतंय?"

एवढ्यात बाळ भुकेनं रडायला लागलं. अंजनीची चोळी समोरून भिजत गेली. तिनं दोन्ही हात छातीवर घट्ट दाबले, मान खाली घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"सांगू नगा कायबी. नुसतं या. तुमच्या बाळाला आत्याबाईंच्या देखत माझ्या अंगावर एकदा पिऊ द्या."