नापासबाई आणि आप्पांची बुटकी

लोक तिला नापासबाई म्हणायचे, ते काही उगीच नाही. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी एअरसॉफ्टचा खेळ चालायचा. एअरसॉफ्ट म्हणजे मोठ्या माणसांचं चोर-पोलीस. बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्या, पण आतून निघतात प्लॅस्टिकचे मणी. गेटपाशी एक टेबल, टेबलावर मण्याचा वेग मोजायचं यंत्र आणि टेबलामागे ही. वेग मर्यादेच्या वर गेला की नापास, मग तुम्ही कितीही गयावया करा. एकदा तिने सख्ख्या नवऱ्याची बंदूक बाजूला काढून ठेवली. तो बिचारा दिवसभर बाकावर बसून लोकांच्या पाण्याच्या बाटल्या राखत होता. घरी जाऊन त्याने तोंड फुगवलं, तर हिने ढुंकून पाहिलं नाही.

खेळाचा दुसरा नियम याहून कडक. मणी ज्याला लागला त्यानेच हात उंच करायचा, ‘लागली’ म्हणायचं आणि गेटाबाहेर येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. पंच नाही, पुरावा नाही, सगळा कारभार इमानावर. मैदानात हा नियम रुजवला तो तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी. मणी नुसता बाहीला चाटून गेला तरी आप्पांचा हात वर. बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

तर हे आप्पा हिवाळ्याच्या तोंडावर बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि धाडकन खाली आले. हाडं शाबूत राहिली, पण उजवा खांदा आखडला. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची. “आप्पा, हात वर न्या,” ती म्हणायची. हात कानापर्यंत जायचा आणि तिथेच अडून बसायचा, आप्पाही त्याच्याबरोबर अडून बसायचे. लांब बंदूक उचलणं तर सोडाच. मग खिडकीत बसून घरादाराच्या चुका काढणं सुरू झालं. भाजी खारट, पंखा कुरकुरतो, सून दार आपटते. ते सगळं तिने पचवलं. पण एका संध्याकाळी त्यांनी आपला खेळायचा चष्मा शेजाऱ्याला देऊन टाकला, “मला काय करायचाय आता” म्हणून, ते मात्र तिला पचलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्याकडे गेली आणि चष्मा परत मागून आणला. मागताना जीभ जड झाली, पण मागितला.

मग ती मैदानाच्या मालकाच्या मागे लागली. गॅसवर चालणारी एक आखूड सबमशीनगन बाजारात आली होती. खांद्याला टेकवायचा दस्ता घडी घालता येणारा, एका हातात मावणारी. मालकाने नमुना म्हणून एक मागवली. नापासबाईने पास केली तर ठेवायची, नाहीतर आली तशी परत. आप्पांनी तिला बघताक्षणी नाव ठेवलं, बुटकी.

तपासणीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सगळे टेबलाभोवती जमले. तिने बुटकी हातात तोलली, दस्ता उघडून मिटून पाहिला, सुरक्षेचा खटका पुन्हा पुन्हा ओढला. आप्पांनी गॅस आणि मणी भरलेलं मॅगझिन कोटाच्या आतून काढून दिलं. सकाळपासून त्यांनी ते कुणाला हात लावू दिलं नव्हतं. तिने स्वतःचा चष्मा चढवला आणि कागदावर नेम धरला. फट् फट् करत मणी एकाच ठिकाणी बसले. मागचा धक्काही कसा, मांजराने ढुशी द्यावी तेवढाच. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. मग तिने यंत्रावर वेग घेतला. आकडा मर्यादेच्या पार वर. पुन्हा घेतला, पुन्हा तेच.

“नापास,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

आप्पा आपला चष्मा डबीत ठेवू लागले. डाव्या हाताने डबी बंद होईना, म्हणून ती मदतीला वाकली, तर त्यांच्या कोटातून चांगलीच ऊब आली.

“आप्पा, कोटात काय आहे?”

“शेकायची पिशवी. खांद्यासाठी गं.”

“आणि मॅगझिन कुठे होतं?”

“तिच्याचजवळ. थंडीत गॅस मरतो, तूच सांगतेस ना.”

तिने कपाळावर हात मारला. गॅस गरम झाला की जोर वाढतो, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला घोकून सांगायची, आणि आज आनंदाच्या भरात मॅगझिन गरम आहे हे हाताला लागूनही डोक्यात शिरलं नव्हतं. आता शब्द फिरवावा तर लोक म्हणणार, सासऱ्यासाठी फिरवला. म्हणोत. चूक ती चूक.

“माझं चुकलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मॅगझिन तापलेलं होतं. निवल्यावर पुन्हा मोजते. यंत्र तुम्ही वाचा, मी नाही.”

मॅगझिन टेबलावर निवत ठेवलं. आप्पा त्याच्याकडे टक लावून बसले, जणू दूध उतू जाणार आहे. नंतर गेटावरच्या एका खेळाडूने आकडा मोठ्याने वाचला. मर्यादेच्या चांगला खाली. पुन्हा मारून बघितलं, तरी खालीच.

“पास,” ती म्हणाली. “पण पिशवी इथे टेबलावर राहील. मैदानात शेकायचं नाही.”

“बरं बाई,” आप्पा म्हणाले आणि डाव्या हातात बुटकी घेऊन आत सुटले.

पुढचं सगळं तिने टेबलामागून पाहिलं. आप्पा खांबाखांबाआडून सरकत होते, मधेच स्वतःशी हसत होते. त्यांनी एक गडी टिपला, मग दुसरा. तिसऱ्याच्या मागे लागले आणि पिंपामागे दबा धरलेल्या त्यांच्या सख्ख्या मुलाने बापाच्या पाठीत मणी हाणला.

“लागली,” आप्पांनी आरोळी ठोकली. डाव्या हातात बुटकी होती, म्हणून उजवा हात वर गेला. कानाशी थांबला नाही. डोक्याच्या वर, सरळ उंच गेला.

ती टेबलामागे उभी राहिली. आप्पा हात तसाच धरून शेडभर चालत आले, गेट ओलांडलं, तिच्यापुढे थांबले. तेव्हा कुठे त्यांनी स्वतः मान वर करून हाताकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

“आप्पा, बाहेर आलात. हात खाली घ्या आता.”

“राहू दे गं थोडा वेळ,” आप्पा म्हणाले.