पदराने पुसलेली पाटी

देगलूरच्या स्टँडवर लातूरची बस लागली. माझी धाकटी जाऊ शारदा खिडकीखाली उभी राहून विचारत होती, “अक्का, दिवाळीला येताव न्हवं?”

“हाव की, येते,” मी म्हणाले. आणि पिशवीत गॅसचं कार्ड लातूरला बदलून घेतल्याचा कागद! तेवढा मात्र मोठ्या हुशारीने तळाशी लपवलेला. मी घर बंद करून कायमची लेकाकडे निघालेली, पण जावेला तसं सांगायची छाती नव्हती. साठीची बाई, पण भित्री भागूबाई!

दिवाळी आली, गेली. शारदाने माझे फोन घेणं सोडलं.

मग पत्र लिहायचं ठरवलं. लेकाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. तेव्हाची मी आठवली की हसू येतं. इस्त्रीची साडी नेसून, खुर्चीवरून पाय लोंबकळत ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी लॅपटॉपपुढे बसायची. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. सून दोन दिवस बटणांच्या फटींतून कुंकू काढत होती. एका बोटाने ‘प्रिय शारदा’ लिहीपर्यंत चहा गार व्हायचा. चार वर्षं पत्र तिथंच अडलं. मी दोष लॅपटॉपला द्यायची.

गेल्या उन्हाळ्यात नातीने टॅब हातात दिला. मी त्याला पाटीच म्हणते. काय गुणाची वस्तू! मांडीवर घ्या, पलंगावर घ्या, पिठाच्या डब्याला टेकवा. लाइटबिल, पेपर, बसचं रिझर्व्हेशन, सगळं त्यावर. दोन बोटं फाकवली की अक्षर भोपळ्याएवढं. बोटाने मराठी गिरवलं की छापल्यासारखं उमटतं. लेक म्हणतो, “आई, मोठ्या कामाला लॅपटॉपच लागतो.” लागत असेल बाबा. माझी कामं आता मांडीवर मावतात.

एका दुपारी कणीक मळता मळता गिरवलं, ‘शारदा, मी खोटं बोलले. परत यायचं नव्हतंच. पण इथं तुझ्या स्वैपाकाला’ आणि काचेवर पीठ दिसलं. शाळेतल्या पाटीची सवय जाते होय? बोट जिभेला, बोट काचेला, वरून पदर. पुसलं काहीच नाही, निरोप गेला! ‘रोज मुकते’ हे राहूनच गेलं. मी घाबरून पाटी डब्यामागे लपवली, जशी काही शारदा तिथून बाहेर येणार होती.

पाचव्या मिनिटाला पाटी वाजली. काचेवर शारदा, कपाळाला आठ्या. चार वर्षांनी तिचं पहिलं वाक्य, “माझ्या स्वैपाकाला काय झालंय वो अक्का?”

मी आधी हसले, मग रडले, मग राहिलेले दोन शब्द तोंडाने सांगितले.

“खोटं बोललाव ते मला स्टँडवरच कळलं होतं,” ती म्हणाली. “दिवाळीला येणारी बाई घरचे देव मांडीवर घेऊन जाती व्हय? तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, बस.”

कागद लपवला आणि देव उघड्यावर! धन्य माझी.

आता रोज अकराला पाटी डब्याला टेकते. तिकडे शारदाचा तवा, इकडे माझा. परवा तिने विचारलं, “कवा येताव?” जुनी मी पटकन ‘दिवाळीला’ म्हणाली असती. मी म्हणाले, “गुडघे म्हणतील तवा.”

“बरं,” म्हणाली आणि भाकरी उलटली.

गाव सोडलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, माझं घर आता एवढंच आहे. जिथं खोटी तारीख द्यावी लागत नाही, ते.