मिठाचे हत्ती

टेका नाक्याजवळच्या विहाराच्या वाचनालयात दर रविवारी नत्थूजी मेश्राम काई प्रांताचा इतिहास सांगतात. काई म्हणजे जपानातला जुना, डोंगरांनी घेरलेला मुलूख. तिथला सरदार शिंगेन याची मिठाची रसद शेजाऱ्यांनी तोडली, तेव्हा त्याचा हाडवैरी केन्शिन यानेच त्याला मीठ पाठवलं, अशी आख्यायिका आहे. एका जपानी यात्रेकरूने ती नत्थूजींना सांगितली, आणि जपानी जाणणाऱ्या बाबारावांनी मराठीत करून दिली.

आता नत्थूजी म्हणजे चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. गोष्ट जमिनीवर ठेवणं त्यांना जमेना. मीठ आधी घोड्यांवरून आलं, मग गाड्यांतून, आणि मंडळी रंगात आल्यावर थेट हत्तींवरून. जपानात हत्ती आणले कुठून, असं बाबारावांनी भर बैठकीत विचारलं. त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद. नत्थूजींनी खुन्नस म्हणून वाचनालयाच्या भिंतीवर मिठाची पोती लादलेले बारा हत्ती रंगवून घेतले.

यंदा दीक्षाभूमीला आलेली एक जपानी पाहुणी विहारात आली, ती नेमकी काईची निघाली. आता हत्तींचं बिंग फुटणार, हे नत्थूजींनी ताडलं. सगळी वस्ती जमलेली, आणि पुढेच त्यांची नात मेघा. तिने हेच हत्ती सांगून शाळेत बक्षीस मिळवलं होतं. पाहुण्या बाईंनी भिंतीवरच्या हत्तींवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलल्या. दुभाषी म्हणून बाबारावांशिवाय कोणी नव्हतं.

बाबारावांनी आपला जाड भिंगांचा चष्मा पुसला. एकदा नत्थूजींकडे पाहिलं, एकदा मेघाकडे.

"बाई म्हणून राहिल्या, आमच्या काईची गोष्ट इतक्या लांब कोणी इतक्या मायेनं सांगते, हे पाहून बरं वाटलं."

टाळ्या पडल्या. एवढंसं बोलायला बाईंना इतका वेळ लागला नसता, हे नत्थूजींना कळत होतं. पाहुणी गेल्यावर त्यांनी बाबारावांना दाराशी गाठलं.

"काहून गा वाचवलं मले?"

"वाचवलं कुठं? मीठ पाठवलं," बाबाराव म्हणाले आणि चपला घालू लागले.

नत्थूजींना भरून आलं, आणि चीडही आली. हे वाक्य त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं.

पुढच्या रविवारी बाबाराव पहिल्या रांगेत बसले होते. गोष्टीतले हत्ती मुकाट्याने घोडे झाले. मेघा रुसली. केन्शिनच्या नाकावर मात्र, इतक्या शतकांत पहिल्यांदाच, जाड भिंगांचा चष्मा आला.