ज्ञानोबाच्या रानातलं गंधक

झरीच्या फाट्यावर आम्ही दोन-तीन म्हातारे रोज बसतो. किस्से सांगायचे म्हणून कुणी बसत नाही. पण ज्ञानोबाचा विषय निघाला की एक सांगेपर्यंत दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो.

ज्ञानोबाचं रान माझ्या रानाच्या धुऱ्याला लागून. माणूस मायाळू, पण भरवसा कशावरच नाही. एसटीची पाटी वाचून झाल्यावर कंडक्टरला विचारतो, मग ड्रायव्हरलाही! त्याचं सोयाबीन दोन-तीन वर्षं पिवळं पडत होतं, दाणा भरत नव्हता. यंदाही तसंच झालं तर त्याचा पोरगा बालाजी आणि सून ऊसतोडीला जाणार आणि नातीची शाळा सुटणार. त्याला तेवढीच एक काळजी होती.

कृषी सहायक मॅडम म्हणाल्या, "काका, माती तपासून घ्या." ज्ञानोबानं माती दिली. अहवाल आला : जमिनीत सगळं भरपूर!

"मग पिकत का न्हाई? मशीन खोटं हाय!"

"माती कुठली घेतली होती, काका?"

"उकिरड्याजवळची. पावणे पोरगी बघायला आल्यावर तिला फाटक्या लुगड्यात बसवतेत का?"

*

दुसऱ्यांदा त्यानं रानातली माती नीट खणली, पण तिच्या दोन पिशव्या केल्या. एकीवर स्वतःचं नाव, दुसरीवर बायकोचं. दोन्ही अहवाल सारखेच आले : गंधक कमी.

मी म्हणालो, "आता तरी पटलं का?"

"कशाचं? एकाचं बघून दुसऱ्याचं उतरवलं असंल!"

*

मॅडमनी परत समजावलं. तेलाच्या पिकाला गंधक लागतं, नुसत्या युरिया-डीएपीनं ते भरून निघत नाही. ज्ञानोबानं गंधकाचं पोतं आणलं. आता संशय पोत्यावर. त्यानं मूठभर गंधक चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकलं. निळा जाळ झाला आणि असा धूर, की घरातली सगळी माणसं खोकत अंगणात!

त्याची बायको चंद्रभागा डोळे पुसत ओरडली, "अजून काय तपासायचं राहिलंय का?"

ज्ञानोबा खोकत म्हणाला, "माल खरा हाय!"

*

पेरणीच्या वेळी मॅडमनी सांगितलं होतं, "अर्ध्या रानात गंधक टाका, अर्धं तसंच ठेवा. म्हणजे फरक दिसेल."

काढणीला त्या वही घेऊन आल्या. सोयाबीन चांगलं भरलेलं, दाणा टपोरा. पण दोन्हीकडं अगदी सारखं!

"काका, कोणत्या अर्ध्यात टाकलं होतं?"

ज्ञानोबा खाली बघत म्हणाला, "दोन्हीत. एका लेकराला वाढायचं अन् दुसऱ्याला नुसतं बघत बसवायचं, मला जमलं न्हाई."

हसावं की रागवावं, मॅडमना कळेना. खरं सांगायचं तर अर्धं रान उपाशी ठेवणं मलाही जमलं नसतं.

*

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाची जीप रस्त्याला थांबली. तो थेट रानात, ज्ञानोबा आणि मी उभे होतो तिथं आला.

"मामा, बालाजी अन् सूनबाई कवा निघायलेत?"

"यंदा न्हाई येत."

"एवढं पिकलं व्हय? काय टाकलं तरी काय?"

ज्ञानोबानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. आवाज बारीक केला. "कायच न्हाई बाबा. त्या गंधकाफिंधकात काय दम न्हाई. उगं लोकाला सांगत हिंडू नको."

"बरं. पण बालाजी हाय कुठं?"

"त्यो? त्यो खालच्या वावरात करडईला गंधक टाकायलाय."