पाच घरं, सामानासकट

रेवदंड्याच्या वाडीतली पाचही घरं गोदूताईच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. वडील गेल्यावर तिने वाडीवरचा हक्क सोडल्याची सही दिली आणि धाकट्या भावाने, अजेयने, सुपारीची झाडं तोडून पाहुण्यांसाठी घरं बांधली. गोदूताईने लग्न केलं नव्हतं. ती मागच्या खोलीत राहिली आणि सगळं तिच्याच अंगावर पडलं. पलंग, फ्रिज, पडदे तिने निवडले. जेट्टीच्या कामावरचे इंजिनिअर महिनोन् महिने राहायचे, त्यांची आजारपणंही तिनेच काढली. आपल्याच घरात कसला पगार, असं ती म्हणायची.

अजेयने घरं सामानासकट विकायला काढली, हे तिला कळलं ते गिऱ्हाईक दारात आल्यावर.

पुण्याचं जोडपं होतं. रुचिताबाईंनी गाद्या दाबून पाहिल्या, कपाटं उघडली आणि मागच्या खोलीशी येऊन थांबल्या. इथं घरचं कोणी राहत असेल तर आम्हाला पुढे कटकट नको, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"घरचं नाही कोणी. या कामाला आहेत," अजेय म्हणाला. "गोदाबाई, पाहुण्यांना चहा आणा."

जन्मात त्याने तिला ताईशिवाय हाक मारली नव्हती. तिने तोंड उघडलं असतं तर सौदा तिथंच मोडला असता. ती आत गेली, आलं किसलं आणि चहा घेऊन आली. चहा छान झालाय, रुचिताबाई म्हणाल्या, पण जुनी माणसं आम्ही ठेवत नाही.

ते गेल्यावर अजेय खुशीत होता. "तू गप्प बसलीस म्हणून जमलं, ताई."

"मी जाऊ कुठे?"

आमच्याकडेच ये, तो म्हणाला. फक्त पोरीची, मैथिलीची, बारावी होऊन जाऊ दे.

ताबा द्यायच्या दिवशी रुचिताबाईंनी तिला पिशवी उघडायला लावली. चादरी, टॉवेल जात नाहीत ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. पिशवीत आईचं चांदीचं निरांजन निघालं. हे इथलंच दिसतंय, त्या म्हणाल्या. गोदूताईने भावाकडे पाहिलं. सह्या अजून व्हायच्या होत्या.

"ठेवा ते इथेच, गोदाबाई," अजेय म्हणाला.

तिने ते टेबलावर ठेवलं आणि रिक्षाने अलिबागला गेली. तिथून उरणला. तिथं कंटेनरच्या ड्रायव्हरांसाठी शिवानी नावाची बाई खानावळ चालवत होती, तिला स्वयंपाकाला हात हवाच होता. माहेरी कोण, असं शिवानीने विचारलं. गोदूताई पोळी लाटत होती. भाऊ होता एक, गेला, असं ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

बारावीनंतर अजेयचे फोन आले. तिने उचलले नाहीत.

भाद्रपदात सर्वपित्रीला तिने शिवानीकडे केळीचं पान मागितलं. त्याला आवडणारी अळूची भाजी केली, खीर केली, वडे तळले, आणि अजेयच्या नावाने पान वाढून मागच्या पत्र्यावर ठेवलं. कावळा लगेच शिवला. मग ती आत येऊन जेवायला बसली आणि तिने खीर दोनदा वाढून घेतली.