न झाडलेला चौकोन

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात एका जहाजाच्या इंजिनरूममधून नुकताच वर आलो होतो. “नीला झोपेतच गेली रे,” एवढंच ते म्हणाले. त्याला आता सात आठवडे झाले. नीलाताई माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, इथं परदेशात एका आंतरराष्ट्रीय शाळेत पहिलीची शिक्षिका. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी माझा एक पराक्रम सांगायला हवा, जो मी तिला शेवटपर्यंत सांगितला नाही.

त्या शाळेचा अभ्यासक्रम थंड देशातून आलेला. दर ऑक्टोबरात पहिलीला पानगळ शिकवायची: छापील पानांत तांबडा-पिवळा रंग भरा, पानं मोजा, खारीला तिच्या घरी पोचवा. बाहेर घामाच्या धारा, आत पानगळ. ताईनं कित्येक वर्षं हे निमूटपणे रंगवून घेतलं. गेल्या वर्षी मात्र एका मुलीनं विचारलं, आपली झाडं पानं टाकतच नाहीत का? टाकतात की, पण मुलं शाळेत यायच्या आत सफाईवाले अंकल ती झाडून नेतात. इथल्या पोराला खाली पडलेलं पान दिसायला नशीबच लागतं. ताईनं मुख्याध्यापिकेची परवानगी काढली आणि शाळेच्या मागच्या देशी बदामाखाली दोरी बांधून एक चौकोन आखला. सहा आठवडे इथं झाडू फिरवायचा नाही.

माझा फ्लॅट नेमका शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून. बदामाची पानं मोठी, वाळली की द्रोणासारखी वळतात, आणि पावसाचं पाणी धरतात. आदल्याच वर्षी डेंग्यूनं मला पंधरा दिवस आडवं केलं होतं. खिडकीतून तो कचरा दिसला आणि माझं डोकं फिरलं. चौकोन कुणाचा, कशासाठी, काही न विचारता शाळेला खरमरीत ईमेल ठोकली. ताप, हाडं मोडल्यासारखं दुखणं, सगळं लिहिलं. खाली नाव नाही, नुसतं ‘एक रहिवासी’; ईमेलचं खातंही त्यापुरतं काढलेलं, पाठवून लगेच बंद केलेलं.

पुढच्या रविवारी क्वीन्सटाउनला ताईकडे जेवायला गेलो तर विषय तोच. डासाची एक जरी अळी सापडली तरी चौकोन बंद, असं मुख्याध्यापिकेनं बजावलं होतं. मी ताकाला जाऊन भांडं लपवत विचारलं, कोण तक्रार करणारा? ताई पोळी वाढत म्हणाली, “कोण का असेना, त्याचं बरोबरच आहे रे.” मी मान खाली घालून जेवत राहिलो. तिनं तोडही काढली होती: रोज सकाळी, आणि पाऊस पडला की लगेच, वर्गातल्या बावीस मुलांनी प्रत्येक पान उलटं करून पाणी सांडायचं.

एका शुक्रवारी सुट्टी काढून बघायला गेलो. मुलं उकिडवी बसून पानं उलटत होती, कुणी घाई करत नव्हतं. एका मुलीनं एक पान आभाळासमोर धरलं. त्याचा गर किड्यांनी खाल्लेला, उरली होती ती फक्त शिरांची जाळी, एकही शीर न तुटलेली. सगळा वर्ग ते बघायला पुढे सरकला, आणि ताईसुद्धा. मग तिनं एक खालची फांदी वाकवली आणि पान सुटल्याची खूण भिंगातून दाखवली. झाड ती जागा आतून बंद करत आणतं आणि मगच पान सोडतं, असं तिनं सांगितलं. पंचवीस वर्षं मी यंत्रं खोलतोय, इतकं नेटकं काम मी पाहिलेलं नाही. मी भिंग सोडेचना, तेव्हा शेजारचा मुलगा इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, “अंकल, माय टर्न लाह.”

त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं. मग म्हटलं दिवाळीला सांगू, मग म्हटलं तिच्या वाढदिवसाला... सहा आठवडे तो चौकोन टिकला. एकही अळी सापडली नाही. ती लाजिरवाणी गोष्ट मात्र माझ्यापाशीच राहिली.

गेल्या महिन्यात शाळेनं तिचं कपाट रिकामं करायला बोलावलं. भाऊजींना जाववेना, म्हणून मी गेलो. पानगळीच्या फाइलमध्ये पहिलाच कागद होता माझी ईमेल. वर पेन्सिलीनं ताईच्या अक्षरात लिहिलं होतं: या माणसाचं कुठे कुठे बरोबर आहे ते शोधा. माझ्या निनावी रागाचा तिनं मुलांसाठी पहिला धडा बनवला होता! त्याखाली मुलांची बावीस उत्तरं. नाव-पत्ता नसल्यामुळे ती कुणालाच पाठवता आली नव्हती. वाकड्यातिकड्या इंग्रजीत एकीनं लिहिलं होतं, “तुम्ही घाबरू नका. आज मी चौदा पानं उलटी केली. आता तुम्हाला ताप येणार नाही.”

तिथल्याच एका बुटक्या खुर्चीवर बसून मी सगळी वाचली, आणि रडलो. ती मुलं आता दुसरीत आहेत. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. त्या मुलांना बावीस उत्तरं हातानं लिहिली, आणि प्रत्येकाखाली माझं पूर्ण नाव घातलं.