वॉकीटॉकीवर ‘येतो’ म्हणायचं नाही

माझी कांचनमावशी ‘जाते’ म्हणते. फोन ठेवताना ‘चल, जाते’, कुणाच्या दारातून निघताना ‘जाते हं’. आमच्याकडे लहानपणी चुकून ‘जाते’ तोंडातून निघालं, तर आई फाटकातून परत बोलवायची, ‘येते म्हण’ म्हणायची आणि मगच सोडायची. त्यामुळे आपली ही मावसबहीण अमेरिकेत जाऊन बिघडली, असं आईचं ठाम मत. मीही तेच धरून चालले होते. एवढी शिकलेली बाई, जन्मभर लोकांना भूल देऊन सुखरूप जागं करणारी डॉक्टर, आणि तोंडात मेलं हे असलं अभद्र!

मावशी वायोमिंगमधल्या एका डोंगराळ गावात राहते. तिचे यजमान अरुणकाका तिथल्याच डोंगरात ॲव्हलांचमध्ये गेले, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून कोसळला, त्याच्याखाली. एवढंच आम्हाला माहीत. त्यावर ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. रिटायर झाल्यावर तरी ओहायोला, डब्लिनमध्ये मुलाकडे राहायला जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण नाही. सत्तरीला आलेली, माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी ही बाई अजून त्याच डोंगरात स्नोमोबील, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, घेऊन हिंडते. याला हौस म्हणावं की हट्ट, मला कळत नसे.

माझा नवरा केदार मात्र तिचा परमभक्त. मे महिन्यात आमच्या वाळवंटातल्या चँडलरला अंगणात पापड भाजून निघतील असं ऊन पडतं, आणि हा माणूस आत एसी लावून स्नोमोबीलचे व्हिडिओ बघतो. मूळचा पुण्याचा. लहानपणी बर्फ पाहिला तो रसवंतीत. पण दोन हिवाळे मावशीकडे जाऊन तो ती गाडी चालवायला शिकला, आणि यंदा मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत त्याने मलाही ओढलं. मी म्हटलं, अरे यार, आता कसला बर्फ, वितळला असेल सगळा. मावशी फोनवर हसली. वितळतोय म्हणूनच नीट बघून जायचं असतं, म्हणाली.

उजाडायच्या आधी तिने आम्हाला उठवलं. चहा झाला, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तिने एकेक बीकन अडकवला. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचा सिग्नल दुसऱ्याच्या बीकनवर येतो, आणि मग शोधून खणायचं. चहात साखर किती विचारावं, तितक्या शांतपणे तिने हे सांगितलं. पुढे म्हणाली, रात्री बर्फ गोठतो तेव्हा तो दगड असतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं आणि अख्खा उतार खालून सुटा होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे थंडीला नाही, उन्हाला घाबरायचं. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की घरी परत.

मोकळ्या उतारावर एका वेळी एकच गाडी, हा नियम. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघत राहायचं. आणि वॉकीटॉकीवर ‘येतो’ म्हणायचं नाही. निघालो म्हणायचं, आणि कुठल्या वाटेने ते सांगायचं. समोरच्याने ‘ऐकलं’ म्हणायचं. केदार हसून म्हणाला, मावशी, तुम्ही दर वेळी हे सांगता. मावशी म्हणाली, दर वेळी सांगणार.

मी मावशीच्या मागे बसले, केदार दुसऱ्या गाडीवर. झाडी संपली, एक मोठा उतार आडवा ओलांडला, घाटमाथा आला, आणि माझी सकाळपासून चाललेली कुरकुर आपोआप थांबली. काय सांगू! चारी बाजूंनी नुसता बर्फ, आणि त्यावर पहिलं ऊन. आधी निळसर, मग दुधावरच्या सायीसारखा पिवळट. मावशीने इंजिन बंद केलं. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आपण किती एवढेसे आहोत, हे कुणी न सांगता कळलं. देवळात जोडतात तसे माझे हात जोडले गेले, ग्लव्ह्जसकट. मावशीने ते पाहिलं.

परत निघायला आम्हाला जरा उशीरच झाला, कारण केदारचे फोटो संपेनात. तोच मोठा उतार पुन्हा ओलांडायचा होता. मावशी आणि मी आधी ओलांडून आलो, खडकाआड थांबलो; केदार अजून त्या बाजूलाच होता. मावशीने खाली उतरून बूट रोवला. तो घोट्याच्या वर गेला. वर कड्याखालून बर्फाचे छोटे छोटे गोळे आपापले सुटून गडगडत खाली येत होते. मला ते गोड वाटले. मावशीचा चेहरा उतरला.

तिने वॉकीटॉकी उचलला. केदारला म्हणाली, उतारावर येऊ नकोस. मागे फिर, झाडीतून लांबच्या रस्त्याने खाली ये. खरखर झाली. मग त्याचा आवाज आला.

“बरं मावशी, येतो.”

आणि बंद.

मावशीने लगेच विचारलं, कुठून? पुन्हा विचारलं. उत्तर नाही. पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. मधल्या उंचवट्यामुळे केदार आम्हाला दिसत नव्हता. त्याने ‘बरं, निघतो’ अशा अर्थाने येतो म्हटलं, की त्याला नीट ऐकूच गेलं नाही आणि तो उतारावरून आमच्याकडे येत होता? माझ्याच नवऱ्याचा, माझ्याच भाषेतला शब्द, आणि मला त्याचा अर्थ कळेना.

तेवढ्यात डोंगर हलला. आधी वर एक रेघ उमटली, मग तिच्याखालचा सगळा उतार एकदम चालायला लागला. धावला नाही, चालला. ओल्या सिमेंटसारखा जड, झाडं मोडत, पायाखालची जमीन थरथरवत. इतकं भयंकर आणि इतकं भव्य मी काही पाहिलं नाही. लाज वाटते, पण क्षणभर मी नुसती बघतच राहिले. मग केदार आठवला.

सगळं थांबल्यावर मावशी कड्याकडे बघत उभी राहिली. आणखी काही सुटण्यासारखं उरलं नाही याची खात्री केली. मला म्हणाली, वर नजर ठेव, काही हललं की ओरड. बीकन शोधावर लावून ती त्या बर्फाच्या ढिगाऱ्यात उतरली. वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा आडवी. मी वर बघत होते आणि देवाचं नाव घेत होते. मध्येच ती म्हणाली, “सिग्नल नाही.” हे चांगलं की वाईट, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग खालच्या झाडीतून इंजिनचा आवाज आला आणि केदार बाहेर पडला. लांबच्या रस्त्याने, सांगितलं तसा. हेल्मेट काढून त्याने तो ढिगारा पाहिला आणि मटकन खाली बसला. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रडत होते आणि त्याला बुकलत होते, एवढं आठवतं. मावशी आली, त्याचा ग्लव्ह काढला आणि मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघत बसली. बराच वेळ तिने हात सोडला नाही.

“अरुणही असाच म्हणाला होता,” ती म्हणाली. “मी वॉकीटॉकीवर सांगितलं, मी खालून घरी जाते, तू झाडीतून ये. तो म्हणाला, बरं, येतो. मला वाटलं, निरोप घेतोय. त्याला अर्धंच ऐकू गेलं होतं. तो माझ्या मागोमाग उतारावरून येत होता. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही रे. घरी जाऊन दोन कप चहा ठेवला.”

 आईला बिघडणं वाटणारं ते ‘जाते’ इथून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मावशीला नमस्कार केला. ‘येते’ म्हणवत नव्हतं, ‘जाते’ जिभेवर येत नव्हतं. केदारने बॅगा डिकीत टाकल्या, तिच्यापुढे वाकला आणि सरळ उभा राहून म्हणाला,

“मावशी, आम्ही निघालो. डावीकडच्या रस्त्याने, हायवे धरून, एअरपोर्टला.”

मावशीने डावीकडे पाहिलं. रस्ता कोरडा होता.

“ऐकलं,” ती म्हणाली, आणि आम्ही वळेपर्यंत तिकडेच बघत उभी राहिली.